दोन दप्तरांची रुजुवात

५ नोव्हेंबर २००३ रोजी लिनक्सच्या डेव्हलपरांच्या ईमेल यादीवर लॅरी मॅक्वॉय या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचे एक छोटे पत्र आले. विषय कोरडा होता. मूळ दप्तरावरून जी नक्कल रोज तयार होते, तिच्यात एक फाइल मुळाशी जुळत नाही. नकलेच्या यंत्रावर कुणीतरी थेट हात घातलेला दिसतो. फाइल दुरुस्त केली आहे, ज्यांनी उतरवून घेतली असेल त्यांनी पुन्हा घ्यावी. बस्स, इतकेच. कुणाला दचकायला लावील असे त्या पत्रात काही नव्हते.

काही तासांतच यादीवरची मंडळी दचकली. ती का दचकली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि ‘दप्तर’, ‘नक्कल’ हे शब्द मी इथे का वापरतो आहे तेही सांगावे लागेल.

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फर्माने, बखरी, मोडीतले रुमाल येतात. संगणकाच्या प्रोग्रामलाही असाच दप्तरखाना असतो. प्रोग्राम म्हणजे शेवटी लाखो ओळींचा मजकूर. तो शेकडो माणसे एकाच वेळी लिहीत, खोडत, सुधारत असतात. कोणत्या दिवशी कोणी कोणती ओळ बदलली, का बदलली, आधी तिथे काय होते, याची नोंद नसेल तर दोन आठवड्यांत सगळा बाजार उठतो. ही नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आपल्या जुन्या कारकुनी भाषेत सांगायचे तर ती प्रोग्रामची रोजकीर्द. फरक एवढाच की या रोजकीर्दीच्या जोरावर मजकुराला मागच्या कोणत्याही दिवसाच्या अवस्थेत परत नेता येते.

अशा व्यवस्थांपैकी सीव्हीएस ही एकेकाळी सर्वांत जास्त चालणारी. तिचा जन्म अ‍ॅमस्टरडॅमच्या एका विद्यापीठातला, आणि शिक्षक म्हणून मला तो फार आवडतो. डिक ग्रुन हे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांबरोबर एक प्रोग्राम लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या येण्याजाण्याचा नेम नाही, आणि गुरुजींना स्वतःला फक्त संध्याकाळी वेळ. तिघे एकत्र बसणार कधी? म्हणून त्यांनी एकमेकांची वाट न पाहता एकाच मजकुरावर काम करण्याची युक्ती काढली. १९८६ साली ती जगासाठी खुली झाली. तीन माणसांचे वेळापत्रक जुळत नव्हते, एवढ्यावरून निघालेली ही गोष्ट पुढे वीस वर्षे जगभर चालली.

लिनक्सची कथा वेगळी. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले, आणि पहिली दहा वर्षे त्याला अशी कोणतीच रोजकीर्द नव्हती. लोक आपापले बदल ईमेलने पाठवायचे. टॉरवाल्ड्सला पटले तर तो ते घ्यायचा, नाही पटले किंवा नजरेतून सुटले तर ते गेले. पाठवणारा पुन्हा पाठवायचा, पुन्हा गप्प बसायचा, मग चिडायचा. सीव्हीएस हाताशी होती, पण टॉरवाल्ड्सला ती मुळीच पसंत नव्हती. अखेर फेब्रुवारी २००२ मध्ये त्याने बिटकीपर नावाची व्यवस्था स्वीकारली. ती मॅक्वॉय यांच्या कंपनीची होती.

बिटकीपर कामाला उत्तम होती, यात वाद नाही. तिच्यात प्रत्येक डेव्हलपरकडे संपूर्ण दप्तर असायचे. तो घरी बसून आपल्या शाखेवर महिनाभर काम करायचा आणि मग ती शाखा मुख्य प्रवाहात आणून मिळवायचा. अडचण होती ती मालकीची. लिनक्स सर्वांचे, कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे असे. त्याचे दप्तर ज्या कपाटात, ते कपाट मात्र खाजगी. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना ते फुकट वापरता येई, पण शर्तीवर. जो बिटकीपर फुकट वापरेल त्याने तिच्याशी स्पर्धा करणारी दुसरी व्यवस्था बनवण्याच्या कामात पडायचे नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी यावर जाहीर टीका केली. अ‍ॅलन कॉक्ससारख्या लिनक्सच्या जुन्याजाणत्या माणसाने बिटकीपर वापरायलाच नकार दिला.

ही तक्रार तात्त्विक वाटेल, पण तशी ती नव्हती. लिनक्सचा आजचा मजकूर सर्वांना मिळत होताच. मिळत नव्हता तो इतिहास. अमुक ओळ कोणी, कधी, कशासाठी घातली हे पाहायचे तर कंपनीचा प्रोग्राम हवा, आणि प्रोग्राम हवा तर कंपनीची शर्त मान्य करायला हवी. म्हणजे घर तुमचे, पण घराचे कागद सावकाराकडे. इतिहासाचा विद्यार्थी असलेल्या कुणालाही यातली खोच लगेच कळेल.

यावर मॅक्वॉय यांच्या कंपनीनेच तोडगा काढला. बिटकीपरमधला इतिहास त्यांनी सीव्हीएसमध्ये उतरवून लोकांसाठी खुला केला. कंपनीत बसून रूपांतर करायचे, तयार झालेल्या फाइली सार्वजनिक यंत्रावर पाठवायच्या, आणि मूळ पुढे सरकेल तशी नक्कलही पुढे न्यायची. ज्यांना बिटकीपरला हात लावायचा नव्हता ते सीव्हीएसवरून काम चालवू लागले.

एका व्यवस्थेतला इतिहास दुसऱ्या व्यवस्थेत उतरवणे हे बोलायला सोपे. पण दोन्हींची वही आखलेलीच वेगळी असते. बिटकीपरमध्ये एका हेतूने पाच फाइलींत केलेला बदल ही एकच नोंद. सीव्हीएस मात्र प्रत्येक फाइलीचे खाते वेगळे ठेवते. रोजकीर्द नाही, नुसती खतावणी. तिच्या लेखी ते पाच स्वतंत्र बदल, एकमेकांशी संबंध नसलेले. दुसरी अडचण याहून मोठी. बिटकीपरमधला इतिहास नदीसारखा. उपनद्या फुटतात, वाहतात, पुन्हा येऊन मिळतात. सीव्हीएसच्या त्या नकलेला हवा होता सरळ कालवा. मग रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने काय करावे? त्याने उगमापासून मुखापर्यंतची एक वाट निवडली आणि बाजूच्या प्रवाहांत झालेले काम संगमाच्या ठिकाणी एका गाठोड्यात बांधून ठेवले. मजकूर शेवटी तोच. एकही ओळ कमी नाही. पण गाठोड्यातले काम कोणत्या क्रमाने, किती टप्प्यांत, कोणाकोणाच्या हातून झाले, हे त्या नकलेत उरले नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा प्रकार मला रोजचा आहे. वर्गात सना, सबा आणि सलमा अशा तीन मुली आहेत असे समजा. उर्दू हजेरीत सना ‘से’ने लिहिली जाते, सबा ‘स्वाद’ने आणि सलमा ‘सीन’ने. अक्षरे तीन, यादीतल्या जागाही तीन. मराठी यादीत तिघींनाही ‘स’. वाचायला काही बिघडत नाही, हाक मारली की बरोबर तीच मुलगी उभी राहते. पण नुसत्या मराठी यादीवरून कुणी उर्दू यादी परत तयार करायला बसला तर तो अडणार, कारण ते अक्षर वाटेतच गळाले आहे. उलट्या दिशेनेही तेच. मराठीत ‘इस’ आणि ‘उस’ लिहिले तर फरक ढळढळीत दिसतो. उर्दूत जेर-पेश न लावता लिहिले की दोन्ही एकसारखे, आणि लावतो कोण? दोन्ही लिप्या आपापल्या जागी पुऱ्या आहेत. एकीतून दुसरीत जाताना मात्र जकात पडते, आणि परतीच्या वाटेवर ती कुणी परत देत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो कारकुनांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नकलेवर मुळाचा हवाला लिहायचा. दाखल्यावर जसा रजिस्टरचा क्रमांक असतो तसा. बिटकीपरच्या सीव्हीएस नकलेत हेच केले होते. प्रत्येक नोंदीच्या शेऱ्यात मुळातल्या कोणत्या बदलातून ती आली त्याचा क्रमांक असे. एकाच क्रमांकाच्या पाच नोंदी दिसल्या की वाचणाऱ्याला कळे, हा मुळात एकच बदल आहे. ज्याला सीव्हीएसच्या वहीत रकाना नव्हता ते शेऱ्यात कोंबले. दिसायला बेंगरूळ, पण कामाचे.

आता त्या नोव्हेंबरकडे येऊ. कंपनीत रूपांतर झाल्यावर फाइली सार्वजनिक यंत्रावर जात. गेल्यावर तिथल्या फाइली आपण पाठवल्या तशाच आहेत ना, हे पुन्हा ताडून पाहिले जाई. रुजुवात म्हणतात ती हीच. त्या रुजुवातीत एक फाइल अडली. तिच्यात दोन ओळी जास्त होत्या. त्यांच्या नोंदीवर मुळाचा हवाला नव्हता, आणि मूळ बिटकीपर दप्तरात तर त्या ओळींचा मागमूसही नव्हता.

त्या दोन ओळी काय होत्या? लिनक्समध्ये एक प्रोग्राम आपण सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रामचे काम संपायची वाट पाहतो, त्यासाठीचे एक नेहमीचे फंक्शन आहे. त्याला काही पर्याय सांगता येतात. नव्या ओळी वरवर असे म्हणत होत्या: कुणी दोन विशिष्ट पर्याय एकत्र दिले, आणि देणारा शून्य क्रमांकाचा वापरकर्ता असेल, तर चूक म्हणून परत पाठवा. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे यंत्राचा मालक, ज्याला सर्व दारे उघडी. वाचताना वाटते, कुणीतरी एक साधी तपासणी घातली आहे.

पण सी भाषेत ‘आहे का?’ असे विचारायचे तर == लिहितात. नुसते = लिहिले तर त्याचा अर्थ ‘कर’ असा होतो. त्या ओळीत = होते. म्हणजे वापरकर्ता शून्य आहे का असे ती विचारत नव्हती, ती त्याला शून्य करत होती. शून्य ही किंमत सी भाषेत ‘असत्य’ ठरते, त्यामुळे पुढची चूक परत पाठवण्याची ओळ कधी चालणारच नव्हती. कुठे आवाज नाही, तक्रार नाही. ते दोन पर्याय माहीत असलेला कोणीही साधा वापरकर्ता त्या फंक्शनला एकदा हाक मारील आणि दुसऱ्या क्षणाला यंत्राचा मालक होईल. नवशिका विद्यार्थी रोज करतो ती चूक, म्हणून पकडले तरी ‘चुकून झाले’ म्हणायची सोय. एका चिन्हाची चोरी. यादीवरच्या लोकांनी फरक मागवला, वाचला, आणि हा घसरलेला हात नसून घातलेला हात आहे हे त्यांच्या ध्यानात आले. तो हात कोणाचा, हे उघड झाले नाही.

लिनक्सची २.६ ही महत्त्वाची आवृत्ती तेव्हा महिना-दीड महिन्यावर आली होती. मग त्या ओळी तिच्यात गेल्या असत्या का? टॉरवाल्ड्सचे म्हणणे, नाही. कारण नक्कल एकाच दिशेने होत होती. बिटकीपरमधून सीव्हीएसमध्ये, कधीच उलट नाही. नकलेत कुणी काही खरडले तरी ते मुळात चढणार नव्हते. धोका होता तो नकलेवरून काम करणाऱ्यांना. तो लहान नव्हता, पण मूळ शाबूत होते.

मला या प्रसंगातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन दप्तरे जुळती ठेवायची म्हटले की पहिला विचार येतो तो दोन्हीकडून लिहिता येण्याचा. इकडे लिहिले की तिकडे उमटावे, तिकडे लिहिले की इकडे. ऐकायला किती लोकशाहीवादी! पण तसे असते तर त्या दोन ओळी सीव्हीएसमधून बिटकीपरमध्ये, तिथून टॉरवाल्ड्सच्या यंत्रावर आणि तिथून जगभर शिस्तीत गेल्या असत्या, आणि रुजुवात करणाऱ्याने दोन्ही दप्तरे जुळतात म्हणून समाधानाने सही केली असती. दोन कागद एकमेकांशी जुळतात एवढ्यावरून ते खरे ठरत नाहीत. अस्सल कोणता आणि बरहुकूम कोणता, हे आधी ठरलेले असावे लागते.

आणखी एक गंमत. ही नक्कल नाखुशांची समजूत काढायला दिलेली होती. बिटकीपर वापरणाऱ्यांना तिची गरज नव्हती, न वापरणाऱ्यांना ती अपुरी वाटत होती. पण ती होती म्हणून चोराने तिच्यावर हात टाकला, आणि तिच्यामागे हवाल्याची व पडताळणीची शिस्त होती म्हणून तो उघडा पडला. याचे श्रेय मॅक्वॉय यांना द्यायलाच हवे. पुढे जे झाले त्यामुळे त्यांचे नाव अनेकांनी रागानेच घेतले, तरीही.

पुढे झाले ते असे. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल, सांबा हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर लिहिणारे, यांना लिनक्सचा तो गाठोड्यात बांधलेला इतिहास मोकळा हवा होता. त्यांनी कंपनीची शर्त कधी मान्य केलेली नव्हती, कारण त्यांनी बिटकीपर कधी घेतलेच नव्हते. ते बिटकीपरच्या सर्व्हरशी थेट बोलणारा स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसले. कंपनीला हा विश्वासघात वाटला. एप्रिल २००५ मध्ये तिने फुकट बिटकीपर बंद करण्याचे जाहीर केले. टॉरवाल्ड्सही ट्रिजेलवर रागावला. त्याच महिन्यात कॅनबेरातल्या एका परिषदेत ट्रिजेल यांनी आपण काय केले ते भर सभेत दाखवले. सर्व्हरला जोडणी केली आणि ‘हेल्प’ हा शब्द टाइप केला. सर्व्हरने आपल्याला कोणकोणत्या आज्ञा समजतात त्याची यादी स्वतःहून समोर ठेवली. कुलूप म्हणून ज्याची चर्चा चालली होती, त्या दारावर ‘आत या’ अशी पाटी निघाली.

पण कपाट तर बंद झाले होते. ३ एप्रिल २००५ ला टॉरवाल्ड्सने स्वतःची व्यवस्था लिहायला घेतली आणि ७ एप्रिलला तिचा स्वतःचा मजकूर तिच्यातच ठेवला जाऊ लागला. ती म्हणजे गिट. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचे नाव कोणी ठेवत नाही, ते नोंदीच्या मजकुरातून आणि तिच्या आधीच्या नोंदीच्या नावातून गणिताने निघते. मजकुरात एक चिन्ह बदलले तरी नाव बदलते, आणि तिच्यानंतरच्या प्रत्येक नोंदीचे नावही. = आणि == यांतला फरक आता लपवायला जागा नाही. पूर्वी जी रुजुवात रूपांतर करणारा वेगळी करत होता, ती नोंदीच्या नावातच विणली गेली.

जुन्या व्यवस्थेशी जुळवून घेणे यामुळे एका बाबतीत अवघडच झाले. सबव्हर्जन ही सीव्हीएसची धाकटी बहीण अनेक ठिकाणी चालू होती. एरिक वाँग यांनी २००६ मध्ये गिट आणि सबव्हर्जन यांच्यामध्ये पूल बांधला. त्यातही तीच जुनी युक्ती आहे. सबव्हर्जनमधून आलेल्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी मूळ ठिकाण आणि क्रमांक सांगणारी एक ओळ. पण गिटमध्ये शेरा हाही मजकुराचाच भाग. हवाल्याची ओळ जोडली की नोंदीचे नाव बदलते. तुम्ही गिटमध्ये काम करून ते सबव्हर्जनला पाठवले की परत येते ते काम तेच, पण नव्या नावाने. दरम्यान कुणाला पहिल्या नावाची प्रत दिली असेल तर त्याच्याकडे एकाच बदलाच्या दोन नोंदी, आणि डोकेदुखी. म्हणून हा पूल वापरणाऱ्यांना सांगितले जाते की संगम टाळा, सरळ रेषेत लिहा. पुन्हा कालवाच!

जगातल्या असंख्य वेबसाइट आणि ब्लॉग ज्या वर्डप्रेसवर चालतात, त्याचे दप्तर अनेक वर्षे असेच दुहेरी चालत आले आहे. अस्सल सबव्हर्जनमध्ये, नक्कल गिटमध्ये. लोक सूचना गिटच्या बाजूने देतात, चर्चा तिथे होते, पण ती सूचना तिथल्या तिथे मंजूर होऊन मिसळत नाही. अधिकार असलेला माणूस ती उचलतो, सबव्हर्जनमध्ये लिहितो आणि तिथून ती गिटमध्ये उतरते. बाहेरून पाहणाऱ्याला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. मला वाटत नाही.

कॅनबेरातल्या त्या सभेला अकरा वर्षे होत असताना, मे २०१६ मध्ये, मॅक्वॉय यांच्या कंपनीने बिटकीपरचा मजकूर सर्वांसाठी खुला केला. तोवर जग गिटवर गेले होते.

लिनक्सच्या आजच्या गिट दप्तरात पहिली नोंद १६ एप्रिल २००५ ची आहे. जुना इतिहास आत आणण्याच्या भानगडीत टॉरवाल्ड्स तेव्हा पडला नाही. त्यामुळे एखादी जुनी ओळ कोणी लिहिली हे शोधत गेले की वाट त्या तारखेपाशी थांबते आणि सगळ्या ओळी टॉरवाल्ड्सच्याच नावावर दिसतात. बिटकीपरच्या काळातला इतिहास थॉमस ग्लाइक्सनर यांनी गिटमध्ये आणून वेगळा ठेवला आहे. ज्याला गरज असेल त्याने तो आपल्या प्रतीला जोडून घ्यावा. २००३ च्या त्या दोन ओळी मात्र तिथेही सापडणार नाहीत. मुळात त्या कधी नव्हत्या आणि नकलेतून त्याच वेळी काढून टाकल्या. त्या उरल्या आहेत फक्त ईमेल यादीच्या जुन्या पत्रांत, ‘फरक दाखवा’ असे कुणीतरी विचारले म्हणून दिलेल्या उत्तरात.